सत्तरवरची रेघ

स्पीडोमीटर उघडायचा तर आधी त्याची क्रोमची कडी सोडवावी लागते. ती वर्षानुवर्षं घट्ट बसलेली असते. घाई केली की काच तडकते. आमच्या इश्पेमिंग गावात वडिलांच्या गॅरेजमागच्या खोलीत हे काम मी बावीस वर्षं करतेय. लोक जुन्या गाड्यांची मीटरं लांबून पार्सलनं पाठवतात. डेल ट्रूडोनं मात्र आपलं मीटर स्वतः आणून दिलं, २००४ च्या मे महिन्यात. बरोबर बायकोनं भाजलेल्या दोन पास्टी, मांस-बटाटा भरलेल्या.

"चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे माझी गाडी आहे, इर्मा," तो म्हणाला. "एक्केचाळीस वर्षं ताडपत्रीखाली होती. अगदी नव्यासारखं करून दे."

ती उघड्या टपाची गाडी गावाला माहीत होती. १९६३ साली आयली निएमी ही शाळेतली बाई तिच्याखाली गेली आणि गाडी पुढे मेपलच्या झाडावर आदळली. डेलनं सांगितलं, मी ताशी पंचवीस मैलांच्या वेगात होतो, तिनंच उडी घेतली. कागदावर आत्महत्या अशी नोंद झाली. तिच्या अंत्यप्रार्थनेला चर्चमध्ये सात माणसं होती. आयलीची बहीण हेल्मी आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तेव्हापासून ती कुणाच्या लग्नाला गेलेली नाही.

काच निघाली. काट्याला अंधारात चमकणारा नारिंगी रंग असतो. नवा रंग त्याच्याशी जुळतो का, हे बघायला मी जांभळा दिवा लावते. तो लावला, तर तबकडीवर सत्तरच्या आकड्यापाशी केसाएवढी नारिंगी रेघ चमकली.

ती कशानं पडते ते मला ठाऊक होतं. गाडी जोरात आदळली की काटा असेल तिथेच तबकडीवर आपटतो आणि त्याचा रंग उमटतो. त्रेसष्ट साली ही काच कुणी उघडलीच नव्हती.

मी फोटो काढला. फोटोत रेघ आली नाही. नुसत्या माझ्या सांगण्यावर गावात कोण विश्वास ठेवणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी भ्याले. तबकडी पत्र्यापर्यंत खरवडली, नवा रंग दिला, आकडे छापले, भट्टीत वाळवली.

सकाळी रेघ परत होती. जरा लांब झालेली.

असं तीनदा झालं. मग मी मीटर पुन्हा जोडलं, डेलला बोलावलं आणि ते दिव्याखाली धरलं.

"हे काय आहे?"

"तुम्हीच सांगा."

त्यानं वाकून पाहिलं. "पुसून टाक."

"तीनदा पुसलंय."

"मग चौथ्यांदा पूस. काय गं, हातातलं कसब गेलं की काय तुझ्या?" तो हसला. हात खिशातून बाहेर काढला नाही.

"हेल्मीला एकदा खरं सांगून टाका, डेल. ती आहे तोवर."

"मेलेल्या बाईचं आता काय बिघडणार आहे?"

मी स्पीडोमीटर बाकावर ठेवला. त्याला ना तार, ना गाडी. त्याचा काटा उचलला गेला, सत्तरवर थांबला आणि हळूहळू शून्यावर आला.

आम्ही दोघांनीही पाहिलं. डेलनं मीटर उचललं आणि तो निघून गेला.

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी वारा अजिबात नव्हता. खांबांवरचे झेंडे मेल्यासारखे लोंबत होते. हेल्मी माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीत बसली होती. डेलची गाडी माणसाच्या चालीनं येत होती. तो एका हातानं मुलांकडे गोळ्या उधळत होता. मागे शाळेचा बँड.

आमच्यापासून शंभरेक पावलांवर त्याची टोपी उडाली.

वारा नव्हता. तरी त्याचे पांढरे केस मागे सपाट झाले. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. सदरा पाठीमागे फुगला.

गाडी तशीच, चालीनं.

"थांबत नाहीये!" तो ओरडला. "ब्रेक दाबलाय मी! थांबत नाहीये!"

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

मग त्याला हेल्मी दिसली.

"ती कडेनं चालली होती! मी सत्तरवर होतो, हेल्मी! ती कडेनंच चालली होती!"

बँड एकेक वाद्य करत गप्प झाला.

गाडी हेल्मीच्या खुर्चीसमोर येऊन अलगद थांबली. डेल स्टिअरिंगवर पडला.

हेल्मी उठली. त्याच्याकडे नीट बघितलं. "सगळ्यांनी ऐकलं ना?" तिनं मला विचारलं.

"ऐकलं," मी म्हणाले. ती खाली बसली.

डॉक्टर म्हणाले, तो जागीच गेला, छातीची सगळी हाडं आत गेली होती. स्टिअरिंगला काही झालेलं नव्हतं.

रस्ता मोकळा केल्यावर शेरीफचा माणूस अंतर मोजायची टेप घेऊन आला. दुसरं टोक मी धरलं. टायर घासल्याच्या दोन काळ्या पट्ट्या मागे दोनशे फुटांपर्यंत गेल्या होत्या. डांबर अजून गरम होतं.

"इतकं घासायला किती वेग लागतो?" मी विचारलं.

त्यानं टेप गुंडाळली. वहीत काही लिहिलं नाही.

पट्ट्यांच्या वाटेत डेलनं उधळलेल्या गोळ्या पडल्या होत्या. मी खाली वाकून पाहिलं. एकही फुटली नव्हती. प्रत्येकीच्या कागदावरून काळी पट्टी सरळ गेली होती.