वरचे दात

बातमी आली तेव्हा धाकटा एका अनोळखी माणसाच्या जबड्याच्या मापात प्लास्टर ओतत होता. दातांचे साचे करणं हे त्याचं काम. दवाखान्यांतून तोंडाची मापं, म्हणजे दातांचे ठसे, येत आणि त्यावरून तो कवळ्या, कव्हरं बनवून देई. फोन कान आणि खांद्याच्या मधे धरून त्याने ऐकलं, की दादा ऑफिसच्या जिन्यात कोसळला आणि तिथेच गेला. "येतो," एवढंच तो म्हणाला. पण कालवलेलं प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. बुडबुडे निघावेत म्हणून त्याचे हात माप टेबलावर आपटत राहिले. तो साचा अगदी सुरेख उतरला. याचंच त्याला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत होतं.

महिन्याभराने वहिनी लॅबवर आली. एक गाल सुजलेला.

"भावजी, दाढेचा तुकडा उडाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, मी झोपेत दात खाते."

"तू? ते काम तर दादाचं."

"तेच तर! इतकी वर्षं त्यांच्या गिरणीशेजारी झोपले, पण माझा दात कधी दाताला लागला नाही. आणि आता गिरणी बंद पडली, तर..." तिने वाक्य तसंच सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. मनावर ताण आला, की झोपेत जबडा आवळला जातो. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. निजण्याआधी गालांना ऊन शेक. दिवसा स्वतःला आठवण द्यायची: ओठ मिटलेले, दात सुटे. आणि रात्री खालच्या दातांवर कव्हर. नाहीतर दात हिरड्यांपर्यंत झिजतील.

कव्हरं हा धाकट्याचा हातखंडा. दादालाही त्याने एक करून दिलं होतं. "हे तोंडात घालून निजायला मी काय बॉक्सर आहे?" म्हणत दादाने ते कधी घातलंच नाही.

त्याने वहिनीचे साचे ओतले आणि बिजागरीच्या चौकटीत बसवले. त्या चौकटीत साचे तोंडासारखे उघडतात, मिटतात, आडवे सरकतात. घासणाऱ्या दातांवर सपाट, गुळगुळीत चकत्या पडतात. खाली चकती असली, की समोर वर तिची जोडीदार असायलाच हवी. वहिनीच्या खालच्या दातांवर चकत्या होत्या. वरच्या दातांवर एकही नव्हती. वरचे सुळे नुकते उगवल्यासारखे टोकदार होते.

साच्यांची अदलाबदल झाली, असं त्याला वाटलं. बुडाशी खूण कोरायची राहिली, की असा घोळ होतो. त्याने वहिनीला पुन्हा बोलावलं, डॉक्टरीणबाईंना आपल्यासमोर माप घ्यायला लावलं, प्लास्टर ओलं असतानाच खूण कोरली. पुन्हा तेच.

काही सुचेना, तेव्हा तो दुपारीच तिच्या घरी गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीतून आवाज येत होता. दोन लांब घासे, एक आखूड, मग घोट गिळल्यासारखं काहीतरी. तो उंबऱ्यातच थबकला. लहानपणी दोघे भाऊ एकाच खोलीत झोपत. मध्येच जाग आली, की याच आवाजावरून त्याला कळे, आपण एकटे नाही.

वहिनी आरामखुर्चीत झोपली होती. ऊन तिच्या हनुवटीवर पडलं होतं. तोंड किंचित उघडं. खालचा जबडा हळूहळू डावीकडे जात होता, उजवीकडे येत होता. आणि खालच्या-वरच्या दातांमध्ये बोटभर फट होती.

आवाज मात्र दातावर दात घासल्याचाच होता.

"वहिनी..."

तिने डोळे उघडले. आवाज थांबला.

"ऐकलंत?" ती कुजबुजली.

"काय?"

"तुम्ही सांगा आधी... मला वाटत होतं, मलाच भास होतो."

पाणीसुद्धा न घेता तो निघाला.

लॅबवर येऊन त्याने दादाच्या कव्हरासाठी केलेला वरचा साचा कपाटातून काढला. दादाचा जबडा रुंद, वहिनीचा लहान. दोन माणसांचे दात असे जुळतच नाहीत. तरी त्याने दादाचा साचा वहिनीच्या खालच्या साच्यावर ठेवून आडवा सरकवला. चकतीवर चकती टेकली. दिव्यासमोर धरलं, तर मधून उजेडाची रेघही येईना. तुकडा उडालेल्या दाढेवर दादाची दाढ नेमकी बसली होती.

त्याने कपाटात पाहिलं. साचा होता त्या जागी, जुन्या धुळीवर, प्लास्टरची ताजी भुकटी पडली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"झालं का हो? आणखी एका दाढेला चीर गेलीय."

"करायला बसलो, की लगेच होईल. फार वेळ लागत नाही."

"कव्हर घातलं, की तो आवाज बंद होईल ना?"

धाकट्याने थोडा विचार केला. "हो. बंद होईल."

"मग... एवढी घाई नाही, भावजी."

"दुखतंय ना पण?"

"दुखतंय."

त्याने तिला समजवायला हवं होतं. त्याने फोन ठेवला. वहिनीचा खालचा साचा अजून टेबलावर आहे. त्यावर कव्हर केलेलं नाही.