शेवट सांगजो मले

हॉलमध्ये गरुडपुराणाची पोथी चालू होती, आणि भिंतीपलीकडे कोणीतरी खदाखदा हसत होतं.

आधी वाटलं, मलाच भास होतोय. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. प्रयागआत्यानं पहिल्याच दिवशी टीव्हीवर जुनी चादर टाकली होती… तेरवीपर्यंत तो लावायचा नाही म्हणून. गुरुजी पापी माणसाला नरकात कसं उकळत्या तेलात टाकतात ते वाचत होते, आई भिंतीला टेकून बसली होती, आणि पलीकडून पुन्हा तेच हसू. मग भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकल्याचा आवाज आला… टक् टक्.

आई दचकली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे काही उमटलं ना, ते मला बघवलं नाही. मी तडक उठले.

शेजारच्या फ्लॅटची बेल मी दार उघडेपर्यंत सोडली नाही. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. हातात चिवड्याची प्लेट, ओठांवर अजून अर्धं हसू.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" मी सुरूच झाले. "बाजूच्या घरात काय चाललंय ते बघायचं नाही, दात काढायचे आणि वर भिंती ठोकायच्या!"

"सॉरी… सॉरी," तो गडबडला. "मी तर काकासाठी ठोकून राहिलो होतो. एवढा भारी डायलॉग झाला अन् काका गप्प? मले वाटलं, झोपले काय आज…"

काका म्हणजे माझे बाबा.

'पाणी आलं का?' ही मालिका आमच्या घरात नऊ वर्षं चालली. एका सोसायटीतले दोन शेजारी, दिगंबर आणि सुलू. रोज पहाटे तो खिडकीतून विचारणार, "पाणी आलं का?" ती म्हणणार, "अजून नाही." एवढ्यावर नऊ वर्षं! दोघांचं एकमेकांवर प्रेम, पण बोलायची हिंमत एकालाही नाही. बाबा विनोद होण्याआधीच हसायचे आणि हसता हसता खुर्चीमागच्या भिंतीवर टक् टक् करायचे. आई रोज म्हणायची, "हळू ठोका, भिंतीचा रंग निघते." मला वाटायचं, कोणाला टाळी द्यायची सवय असते, तशी ही बाबांची सवय. पलीकडून कोणी उत्तर देत असेल, असं माझ्या डोक्यातसुद्धा कधी आलं नाही.

"बाबा गेले," मी म्हणाले.

हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. तोवर फोन करायचं काम चंपतराव काकांनी केलं होतं, रडायचं काम आत्यानं. मला रडूच येत नव्हतं.

त्यानं प्लेट खाली ठेवली. "मी गावाले गेलो होतो, पारशिवनीले… कापूस निघून राहिला ना. आत्ताच बसनं आलो. दाराशी चपला पाहिल्या, तर मले वाटलं, तुम्हाले पाहाले पाहुणे आले." मग तो आत गेला आणि टीव्ही बंद करून आला. "माफ करा."

घरी परतले तर भिंतीपलीकडे शांतता होती. आणि खरं सांगू? त्या शांततेचाही मला राग आला.

त्याचं नाव जितेंद्र. रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो तंत्रज्ञ होता. आमच्या दोन गॅलऱ्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते, तर तो पलीकडे उगाचच रिकाम्या दोरीला चिमटे लावत होता.

"काल काय झालं ते… सांगू काय?" त्यानं हळूच विचारलं.

"कशात?"

"मालिकेत. आवाज एकदम बारीक करून पाहिली. कानाले लावल्यासारखी."

"मला नाही ऐकायचं."

"बरं." तो चिमटे लावत राहिला. मी एकच टॉवेल चार वेळा झटकला.

"…सुलूनं दार उघडलं का?" शेवटी मीच विचारलं.

झालं! त्याला तेवढंच हवं होतं. आणि काय सांगावं त्यानं! विनोदाआधी स्वतःच हसायचा, मग श्वास लागायचा, मग "थांबा थांबा, आधी हे सांगाचं राहिलं" म्हणून मागे जायचा. अगदी बाबांसारखं. मी तोंड फिरवून उभी राहिले, पण आत गेले नाही. रोज संध्याकाळी मग आमचे कपडे वाळायला वेळ लागू लागला.

"तुम्हाले हसू येत नाही काय?" एकदा त्यानं विचारलं.

"तुम्ही सांगता ते इतकं वाईट असतं ना, की हसायचं कुठे तेच कळत नाही."

"मंग उद्यापासून बंद."

"काहून बंद? मी म्हटलं का बंद करा?"

तो हसला. "आता कसं! इतके दिवस पुण्याच्या पाहुणीसारखं बोलून राहिल्या होत्या."

माझे कान तापले. पण घरात शिरले आणि हॉलमध्ये काकांचा आवाज आला, तशी मी पुन्हा गार पडले.

चंपतराव काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, काटोलचे. बाबांना अग्नी त्यांनीच दिला होता, कारण मला भाऊ नाही. ते आत्याला सांगत होते, "बाप गेल्यावर पोरीचं लगन वर्षाच्या आत झालं पाहिजे, नाहीतर तीन वर्षं थांबा लागते. काटोलात पोरगा पाहून ठेवला. संत्र्याचा मोठा व्यापार हाय त्याच्या बापाचा. माघात उरकून टाकू."

"मले विचारलं काय कोणी?" मी दारातूनच म्हणाले.

"तुले काय विचाराचं?" काका खरंच गोंधळले. वाईट माणूस नव्हता तो. भाऊ गेला, आता भावाची पोरगी आपली जबाबदारी, एवढंच त्यांना कळत होतं. "दहाव्याले भाऊलेच विचारतो. वचन देतो त्याले. कावळा शिवला, म्हणजे भाऊची मंजुरी. मंग तू काही बोलायचं नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आमच्या घरात कावळ्यापुढे कोणाचं काही चालत नाही. आजोबांच्या दहाव्याला कावळ्यानं पिंडाला चोच लावली आणि शेताची वाटणी तिथेच ठरली होती. मला पहिल्यांदाच भीती वाटली, खरीखुरी. एका पाखराच्या चोचीत माझं सगळं आयुष्य.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी जितेंद्र गॅलरीत आला, तो हळहळतच. "आज संपून राहिली. शेवटचे सगळे भाग एकामागून एक दाखवणार. साडेसात ते दहा."

मला बाबांचे शेवटचे दिवस आठवले. दवाखान्यात बाबांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द धड फुटत नव्हते. मालिका संपणार हे त्यांना ठाऊक होतं. आमची पैज लागलेली. मी म्हणायची, दिगंबर-सुलूचं लग्न होणार. बाबा म्हणायचे, "लगन लागलं की कॉमेडी संपली, नाही करणार ते." हरेल त्यानं तर्री-पोहे चारायचे. त्यांनी माझा हात दाबला आणि कसंबसं म्हणाले, "मिने… शेवट सांगजो मले." त्यानंतर ते बोललेच नाहीत.

हे सगळं मी जितेंद्रला सांगून टाकलं. का सांगितलं, देव जाणे.

तो आत गेला. सरकवल्याचा, आपटल्याचा आवाज आला, मग "आई गं!" असं ओरडणं. थोड्या वेळानं बघते तर टीव्ही, टेबल, मागची वायर, सगळं ताणून त्यानं गॅलरीच्या दारात आणलं होतं, तोंड माझ्याकडे करून.

"तुमच्या घरातला टीव्ही लावाचा नाही," तो म्हणाला. "माह्या घरातला पाहाचा नाही, असं तर आत्यानं नाही सांगितलं ना?"

मी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसले. थंडी पडली होती. त्यानं भिंतीवरून एक शाल पुढे केली. बोटाला बोट लागलं… दोघांनीही ते लागलंच नाही असं दाखवलं.

मागून गुरुजींचा आवाज येत होता, वैतरणी नदीत पापी लोक कसे गटांगळ्या खातात त्याचा. समोर पडद्यावर सुलू पाण्याचा ड्रम घासत होती. टीव्हीचा आवाज अगदी बारीक, म्हणून जितेंद्र प्रत्येक वाक्य पुटपुटून सांगत होता, सुलूचं बारीक आवाजात, दिगंबरचं घोगऱ्या. भाग संपत गेले. मी हसले नाही. बाबा इथे हसले असते, इथे ठोकलं असतं, एवढंच मोजत बसले.

शेवटच्या भागात पहाटे दिगंबर खिडकीत आला. केस पिकलेले. "पाणी आलं का?"

सुलूनं बराच वेळ घेतला. "आलं," ती म्हणाली. "पण दोन दोन ड्रम कशाला भरायचे? तुमचा घेऊन या इकडे. एकच भरू."

दिगंबरनं ड्रम उचलला, धावत निघाला आणि जिन्यात ड्रमसकट असा काही गडगडत खाली गेला की सगळी सोसायटी झोपेतून उठली. त्या ड्रमाच्या आतून त्याचा आवाज आला, "सुलू… हो!"

आणि मी हसले. मोठ्यानं, पोट धरून! थांबेचना. जितेंद्रही हसत होता, डोळे पुसत होता. मग माझं हसू कधी फिरलं मला कळलं नाही. मी भिंतीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडत होते. बाबा, बाबा, बाबा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यानं मला हात लावला नाही. फक्त आपला हात भिंतीवर, माझ्या डोक्याजवळ ठेवून तो उभा राहिला.

"अवं माय!" मागे प्रयागआत्या उभी होती. "बापाचं सुतक, घरात पोथी, अन् ही पोरगी परक्या पोरासंगं दात काढून राहिली!"

पोथी थांबली. काका आले, त्यांनी टीव्ही पाहिला, शाल पाहिली, जितेंद्रला पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "उद्या घाटावर फैसला होईन."

आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. पण सकाळी मी चपला घालून गाडीत जाऊन बसले, आणि माझ्या मागोमाग आईही येऊन बसली. तिला उतर म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

पिंड मांडले. झाडावर कावळे भरपूर होते. काका पुढे झाले, हात जोडले. "भाऊ, पोरीची काळजी करू नको. वर्षाच्या आत तिचं लगन लावून देतो, काटोलातल्या चांगल्या घरी. माहा शब्द हाय."

एक कावळा खाली उतरला. उड्या मारत पिंडाजवळ आला, मान वाकडी करून पाहिलं… आणि तो परत फांदीवर जाऊन बसला.

आत्यानं सांगितलं, वहिनीले अंतर देणार नाही. नाही शिवला. काकांनी पुन्हा शब्द दिला. नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भ चाळवत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू काय?"

"थांबा," मी म्हणाले.

"पोरीनं नाही जायचं पुढे," काका म्हणाले.

"त्यांनी मले काही सांगाले लावलं होतं, काका. तेवढं सांगू द्या."

मी पिंडापुढे उकिडवी बसले. काय सांगणार होते, कसं सांगणार होते, काही ठरवलं नव्हतं. "बाबा," मी म्हणाले, "तुम्ही हरले. लगन झालं त्यांचं." मग मी सगळं सांगितलं. ड्रम घासणं, पिकलेले केस, "एकच भरू". ड्रम जिन्यावरून पडायच्या आधीच मला हसू यायला लागलं, शब्द अडकले, मी मागे जाऊन पुन्हा सांगितलं. रडत होते, हसत होते, नाक गळत होतं. सगळा घाट बघत होता. "…अन् ड्रमातून म्हणते, सुलू, हो! बाबा, तर्री-पोहे लागू झाले तुमच्याकडे."

पंखांचा आवाज झाला. कावळ्यानं माझ्यासमोरून भाताचा मोठा घास उचलला आणि उडाला.

भूक लागली असेल त्याला, एवढा वेळ बसला होता बिचारा. पण हे काकांना सांगायला मी काही वेडी नाही.

आई पुढे आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "भाऊजी, तुम्हीच म्हणाले होते, कावळा शिवला म्हणजे त्यांची मंजुरी. तुमचं त्यांनी आयकलं नाही. पोरीचं आयकलं."

काकांनी पिंडाकडे पाहिलं. मग उपरण्यानं डोळे पुसले. "मंग तीन वर्षं थांबा लागन तिले."

"थांबन," मी म्हणाले.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घर इतकं मोठं वाटायला लागलं की आई आणि मी एकाच खोलीत बसायचो. संध्याकाळी गॅलरीत गेले, तर जितेंद्र रिकाम्या दोरीपाशी उभा होता.

"तीन वर्षं थांबून राहिल्या म्हणे," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

"हाव."

"कोणासाठी… असं काही ठरलं काय?"

"आधी विचारणाऱ्यानं तर विचारावं."

त्यानं एक चिमटा दोरीला लावला, काढला, परत लावला. "मले आवडता तुम्ही. त्या दिवशी दारात येऊन शिव्या दिल्या ना, तेव्हापासून. तीन वर्षं काय… दिगंबर तर नऊ वर्षं उभा होता."

"तो भित्रा होता."

"मी भीत नाही काय? हात पाहा." त्यानं हात पुढे केला. खरंच थरथरत होता. मी तो भिंतीवर दाबून धरला, थांबेपर्यंत. छातीत दुखत होतं माझ्या, आणि बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

साडेआठ वाजले. मी हॉलमध्ये आले आणि टीव्हीवरची चादर काढली. वाहिनीनं मालिका पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केली होती. दिगंबर तरुण, सुलूच्या दोन वेण्या. मी बाबांच्या खुर्चीत बसले. आई स्वयंपाकघरात कणीक भिजवत होती. पहिलाच विनोद झाला, आणि पलीकडून आवाज आला, टक् टक्.

परातीचा आवाज थांबला.

खुर्चीमागे भिंतीवर एक जागा होती, बाबांच्या पेरांनी रंग उडून आतलं प्लास्टर दिसणारी. मी त्याच जागेवर ठोकलं, टक् टक्.

परातीचा आवाज पुन्हा सुरू झाला. आणि आईचा आवाज आला.

"हळू ठोक वं. भिंतीचा रंग निघते."