रविवारचा अडथळा

वाचनालयातल्या कादंबरी-लेखनाच्या वर्गाला ती उशिरा पोचली, तेव्हा एकच खुर्ची उरली होती... लिफ्ट-दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका तरुणाच्या शेजारची.

"या. तुमच्यासाठीच अडवून ठेवलीय."

"ओळख ना पाळख, आणि माझ्यासाठी?"

"ओळख काय... आता होईल."

शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर कथानकाचे भाग लिहिले – सुरुवात, अडथळे, कळस, उलगडा. मग शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या जोड्या लावल्या. दोघांनी मिळून एक गोष्ट रचायची, पाळीपाळीने पुढे न्यायची.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. त्याने गोष्टीतली नायिकाही चष्मेवाली केली. मग तिनेही नायकाला लिफ्टमध्ये अडकवून टाकलं.

"अहो, सोडवा की बिचाऱ्याला!"

"सुटेल आपला आपण. एवढा कारागीर आहे ना?"

वर्ग गालातल्या गालात हसायचा. वर्ग सुटल्यावर दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालायची. एकदा तिच्या चष्म्यावर पावसाचे थेंब साचले, तर त्याने तो अलगद काढला, रुमालाने पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला. पुढचा रस्ता तिला दिसलाच नाही.

पण गोष्टीतला नायक काही बोलेना.

"विचारत का नाही तो तिला?" ती म्हणायची.

"थांबा हो... कळस लवकर आला की गोष्टीचा जीव जातो."

अशात आत्याने घरी स्थळ आणलं. नावं ठेवायला जागा नव्हती. मुलगा रविवारी येणार होता आणि बाबांना त्याच दिवशी उत्तर हवं होतं. नाही म्हणायला तिच्याकडे एकच कारण होतं, आणि ते शेजारच्या खुर्चीत पेन्सिल चावत बसलं होतं.

सरळ सांगायचा धीर होईना. मनातलं बोलायची दोघांची सवय गोष्टीतूनच. पाळी आली तशी ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "येत्या रविवारी नायिकेला बघायला एक मुलगा येतोय... त्याआधी नायक बोलला नाही, तर ती त्याला हो म्हणणार."

"वा! काय अडथळा टाकलात!" तो खूश होऊन ओरडला. "आता आठवडाभर डोकं खाजवतो आणि असा कळस आणतो, बघाच!"

तिने तोंड उघडलं, पण तो कधीच कागदावर वाकला होता.

आठवडाभर ती दुकानाच्या दाराकडे बघत राहिली. शनिवारी शटर ओढतानासुद्धा.

रविवार उलटल्यावर, पुढच्या वर्गाला तो धावतच आला. "सापडला कळस! नायक रविवारी सकाळीच तिच्या दारात–"

"मी अडथळा टाकला नव्हता," ती हळूच म्हणाली. "बातमी दिली होती."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... खरंच? मग सरळ सांगायचं ना!"

"तुम्ही सरळ विचारलंत कधी?"

"आत्ता विचारतो. लग्न कर माझ्याशी. ते लग्न ठरलं असलं तरी मोडता येईल..."

"कशासाठी मोडू? त्या माणसाने काय वाईट केलंय? हातातला चहा संपायच्या आत त्याने विचारलं मला. मी हो म्हणाले."

तेवढ्यात बाईंनी त्याला पुढे बोलावलं. फळ्याजवळ उभा राहून तो पाठ करून आणलेला शेवट सांगत गेला – नायक वेळेवर पोचला, नायिका जिना उतरून धावत आली. त्याचा आवाज मधेच अडकला. लोकांना वाटलं, किती जीव ओतून सांगतोय! वर्गभर टाळ्या पडल्या.

तिनेही वाजवल्या. हात दुखेपर्यंत.