अठ्ठ्याऐंशी मैल

गाडीतला बिघाड वाचणारा स्वस्तातला स्कॅनर घ्यायचा म्हणून लेनर्ड हुडाकने अख्खा मार्च महिना घालवला. शाळेच्या बसडेपोत तीस वर्षं मेकॅनिकी केलेला माणूस तो, पारखल्याशिवाय साधा पानाही घरात आणायचा नाही. फोनला जोडायचं बोटभर यंत्र मिळत होतं, पण फोनवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. दुसरं एक नुसता बिघाडाचा कोड दाखवून गप्प बसायचं. तिसरं गाडीची पार कुंडली मांडायचं, पण दरवर्षी वर्गणी मागायचं.

"गाडी माझी, यंत्र माझं, आणि वर्गणी कसली रे बाबा?" तो जेवताना करवादला.

"तुझं ठरेपर्यंत माझी गाडी भंगारात जाईल," त्याची मुलगी रेनी म्हणाली. "एप्रिलअखेर तपासणी आहे, आणि इंजिनाचा तो पिवळा दिवा अजून पेटलेलाच आहे. पास झाल्याचं स्टिकर मिळालं नाही तर इस्पितळात काय चालत जाऊ?"

कार्बनडेलहून बिंगहॅम्टनचं इस्पितळ पन्नास मैल. रेनी तिथे नर्स होती. आई गेल्यावर ती नोकरी तिथेच ठेवून बापाजवळ राहायला आली होती, आणि रोज संध्याकाळी तिची गाडी अंगणात वळली की लेनर्डच्या जिवात जीव यायचा. हे त्याने तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शेवटी स्कॅनर मिळाला तो बंबखान्यातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत. टेबलामागे त्याचा दोस्त वॉल्ट ड्रोझ्ड बसला होता, गावच्या बंबवाल्यांतला सगळ्यात जुना. स्कॅनर चांगला होता, सगळं दाखवणारा, आणि वर्गणीबिर्गणी काही नाही.

"कुणाचा आहे?"

"कुणीतरी दाराशी खोक्यात ठेवून गेलं. चिठ्ठी नाही, काही नाही. वीस डॉलर टाक आणि घेऊन जा."

शनिवारी दुपारी लेनर्डने तो आधी आपल्या पिकअपवर चालवून पाहिला. पेट्रोलचं झाकण सैल असल्याचा कोड होता. त्याने झाकण आवळलं, कोड पुसला. मग रेनीची गाडी. धुराच्या नळीतला सेन्सर गेला होता. नवा बसवला, कोड पुसला, आणि सवयीने पुन्हा वाचून बघितलं.

कोड गेला होता, पण एक नोंद होती. बिघाड होतो त्या क्षणी गाडीत काय चाललं होतं, हे अशा नोंदीत साठतं. वेग बावन्न मैल. इंजिनातल्या पाण्याचं तापमान नव्वद अंश. कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर, अठ्ठ्याऐंशी मैल.

गाडी तर जागची हललीही नव्हती. त्याने नोंद पुसली. ती परत आली. तीनदा पुसली, तीनदा आली, आणि दरवेळी अठ्ठ्याऐंशी.

"वीस डॉलरात काय हिरे जडवून देऊ?" वॉल्ट फोनवर हसला. "कुणाच्या तरी गाडीचं जुनं काहीतरी अडकलं असेल त्यात."

असेलही. लेनर्डनेही स्वतःला तेच समजावलं. पण कोड पुसले की गाडीचा संगणक सगळं विसरतो, आणि शंभरेक मैल चालवल्याशिवाय तपासणीवाला तिला हात लावत नाही. रेनीचं इस्पितळात जाणं-येणं नेमकं शंभर मैल.

"सोमवारी तू पिकअप घेऊन जा," तो म्हणाला. "तुझी गाडी मी फिरवून आणतो."

"बाबा, आकड्याला घाबरलास की काय?"

"घाबरतोय कशाला! नवा सेन्सर आहे, आवाज ऐकायचाय मला."

ती हसली आणि सोमवारी पहाटे पिकअप घेऊन गेली.

लेनर्डने दिवस उजाडल्यावर तिची गाडी काढली. हायवेवर उजव्या लेनमधून जपून चालवली. पंच्याऐंशी मैल झाल्यावर तो बंद पडलेल्या मॉलच्या मोकळ्या पार्किंगमध्ये शिरला आणि माणूस चालेल त्या वेगाने फेऱ्या मारू लागला. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीला त्याने श्वास रोखून धरला. एकोणनव्वद झाले. कावळे उडाले, एवढंच. तो मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं.

पुढचे बारा मैलही झाले. तपासणी होऊन दोनच्या आत स्टिकर काचेवर लागलं. घरी येऊन त्याने मुलीसाठी बटाटा भरलेले पिरोगी उकडत टाकले, गॅस बारीक केला आणि गॅरेजमध्ये आला. ती नोंद गेली का, तेवढं बघायचं होतं. चार वाजत आले होते.

किल्ली खिशातच होती. त्याने स्कॅनर रेनीच्या गाडीला नुसता जोडला आणि पडदा उजळला.

वेग चोपन्न मैल. पाणी नव्वद अंश. अॅक्सिलरेटरचं पेडल अकरा टक्के दाबलेलं. अंतर पंच्याऐंशी मैल.

गाडी बंद होती. बॉनेटवर हात ठेवला तर कोमट.

वेग पंचावन्न झाला. परत चोपन्न. ही जुनी नोंद नव्हती. हे आत्ता चाललं होतं.

मग त्याची नजर पडद्याच्या वरच्या ओळीवर गेली. तिथे चासी नंबर होता. शेवटचे चार आकडे त्याला तोंडपाठ होते.

पिकअपचे.

शनिवारी पिकअपचाही कोड त्यानेच पुसला होता.

शहाऐंशी.

त्याने रेनीला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

"उचल गं. उचल ना."

सत्त्याऐंशी. वेग त्रेपन्न. बावन्न.

अठ्ठ्याऐंशी.

वेग शून्य.

पाणी नव्वद. सत्तर. एकेचाळीस. बारा. उघड्या हवेत इंजिन निवायला तास लागतो.

चार. चारवर ते थांबलं.

त्या रस्त्यावर एप्रिलमध्ये एवढं गार काय असतं, ते त्याला ठाऊक होतं. युनियनडेलच्या वरचा धरणाचा तलाव.

पेडलची ओळ मात्र अजून हलत होती. शून्य. अकरा. शून्य. अकरा.

"वॉल्ट, धरणावर जा," तो फोनवर ओरडला. "वळणापाशी. रेनी पाण्यात आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"जा रे! जा!"

उन्हं कलली तेव्हा वॉल्ट आला. छातीपर्यंत भिजलेला, टोपी हातात. घरातून करपल्याचा वास येत होता. लेनर्ड गॅरेजच्या जमिनीवर बसला होता, स्कॅनर मांडीवर.

"लगेच गेलो रे आम्ही, लेन. देवाशपथ." वॉल्ट म्हणाला. "पिकअप वर काढलाय. बॅटरीच्या वायरी मीच तोडल्या. तिला... तिला बाहेर काढलंय."

लेनर्डने मान वर केली नाही. वॉल्ट शेजारी उकिडवा बसला आणि त्याला पडदा दिसला. स्कॅनरची वायर कशालाच जोडलेली नव्हती, तिचं टोक फरशीवर पडलं होतं. पडद्यावरच्या बाकी सगळ्या ओळी विझल्या होत्या. एकच चालू होती.

शून्य. अकरा. शून्य.

वॉल्टने बटणाकडे हात नेला. लेनर्डने स्कॅनर छातीशी ओढला.

"बंद नको करू," तो म्हणाला. "पाय आहे तिचा."