हसू संपेपर्यंत

“हसू संपल्यावरच कापायचं, डॉर्कस. आधी नाही. जेवणाऱ्याला ताटावरून उठवतं का कोणी? मग हसणाऱ्याला का उठवायचं?”

माझा नवरा क्लेम हे मला रोज सांगायचा. समुद्रकाठच्या नाटकघरांतून लोकांना हसवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मी प्रार्थनामंदिरात वाढलेली, मोठ्याने न हसणारी. ब्रेंटफर्डच्या स्टुडिओत मी फिल्मचे तुकडे कापून जोडायची.

स्टुडिओ म्हणजे लढाईआधीचं स्केटिंगचं सभागृह. लाकडी जमिनीवर चाकांच्या खाचा तशाच होत्या, त्यामुळे कॅमेऱ्याची गाडी अडखळायची. शेजारच्या गॅस कारखान्याचा वास पडद्यांत, कोटांत, पावातसुद्धा मुरलेला. इथे तीन आठवड्यांत उरकायची चित्रं निघायची. मोठ्या चित्राआधी ती दाखवत, तेव्हा निम्मे लोक अजून खुर्च्या शोधत असत.

त्या हिवाळ्यातलं चित्र विनोदी होतं आणि खुनाचंही. एका खानावळीत ट्रंकेत प्रेत सापडतं आणि जो तो ती ट्रंक दुसऱ्याच्या खोलीत ढकलतो. प्रेत होता क्लेम. झाकण पडलं की ट्रंकेचं कुलूप आपोआप बसायचं. आतून उघडायला एक खिटी होती.

खिटी खट्‌ वाजते आणि माइकमध्ये येते, म्हणून दिग्दर्शक रॅकस्ट्रॉसाहेबांनी ती खिळे मारून पक्की करून घेतली.

“मला उघडून द्यायला विसरू नका म्हणजे झालं,” क्लेम म्हणाला. “नाहीतर पुढच्या चित्रात प्रेतासाठी नवा नट शोधावा लागेल.”

सगळे हसले.

चार वाजता पास्कबाई चहाची गाडी घेऊन यायच्या आणि “चहा आला!” म्हणून हाक द्यायच्या. ती हाक आली की ठोकणारा हातोडा हवेतच थांबे. कामगार संघटनेचा नियमच होता, आणि नसता तरी सगळे थांबलेच असते. त्या दिवशी रॅकस्ट्रॉसाहेब म्हणाले, “क्लेम, तू आतच राहा. दिवे पुन्हा बसवायला वेळ जाईल. तुझा चहा बायको आणेल.”

ट्रंकेतून आवाज आला, “दोन चमचे साखर, डॉर्कस! पास्कबाई नुसतं गरम पाणी देतात.”

“आणते,” मी म्हटलं. तेवढ्यात साहेबांनी मला फिल्मचा एक जोड तपासायला माझ्या कापायच्या खोलीत पिटाळलं.

मी कप घेऊन आले तेव्हा सगळे गाडीभोवती हसत होते. ट्रंकेतून ठोकल्याचा आवाज येत होता म्हणे. तीनदा, मग दोनदा. क्लेमच तो, चहाच्या वेळीही स्वस्थ बसत नाही, असं म्हणून हसत होते. मी पोचले तेव्हा ठोकणं थांबलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. चौकशीत साहेबांनी शपथेवर सांगितलं की खिटी चालू होती. खिटी दाखवलीही त्यांनी, खट्‌ करून. खिळ्यांची भोकं मेणाने बुजवली होती. मी बोट फिरवून पाहिली होती. माझं कोणी ऐकलं नाही.

मी चित्र सोडलं नाही. क्लेमचं शेवटचं हसू दुसऱ्या कोणाच्या कात्रीखाली जाऊ द्यायचं नव्हतं. साखर मात्र सोडली. शिधापत्रिकेवर मिळणारी माझ्या वाट्याची साखर एका डब्यात साठत गेली. रोज पहाटे गुडघ्यांवर बसून प्रभूची प्रार्थना म्हणायची, हा माझा लहानपणापासूनचा नेम. आता ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ इथे आले की जीभ अडायची. तशीच उठायची. पुढचे शब्द दिवसभर माझी वाट पाहत राहायचे.

आणि मग ते ठोकणं फिल्मवर आलं.

ट्रंकेचं दृश्य, शांत खोली. तीनदा, मग दोनदा. नंतर मागून पुष्कळ माणसांचं हसू.

ध्वनिमुद्रण करणारा गेथिन वेल्सचा, बोलका पोरगा. त्याने रीळ मागे फिरवून पुन्हा ऐकलं. “हे मी घेतलेलं नाही, डॉर्कसबाई. चहाच्या वेळी माझं मशीन बंद होतं. मी रांगेत उभा होतो.”

साहेब म्हणाले, “कुठला तरी फालतू आवाज आहे. कापा.”

मी कापलं. तुकडा टोपलीत टाकला. सकाळी रीळ लावलं तर ठोकणं होतं तिथेच. टोपलीत तुकडाही होता.

पुन्हा कापलं. पुन्हा आलं. हसू मात्र प्रत्येक वेळी विरळ होत गेलं. आधी पास्कबाईंचं गेलं, मग सुतारांचं. शेवटी एकच हसणारा उरला. कोंबडा आरवता आरवता अडकावा तसं हसू. ते स्टुडिओत एकाच माणसाचं होतं, साहेबांचं.

“थट्टा करता माझी?” साहेब माझ्यावर ओरडले. कपाळावर घाम होता. “टिबटबाई, नवरा गेला म्हणून गय करतोय मी तुमची!”

“हो, साहेब,” मी म्हटलं.

चित्राचं एकच दृश्य राहिलं होतं. ट्रंकेतून प्रेताचा हात बाहेर येतो आणि पांढरा रुमाल हलवतो. दुसरा नट घेणं परवडणारं नव्हतं. साहेबांची अंगकाठी क्लेमसारखीच.

“मीच बसतो,” ते म्हणाले. क्लेमचा कोट चढवला. खिटी चारचौघांदेखत सात-आठदा खटखट करून पाहिली. “बघितलंत? उत्तम चालते. आधीही चालत होती.” मग आत बसले. झाकण पडलं.

“चहा आला!”

कॅमेरेवाला निघाला, सुतार निघाले. सवयीने पाय चालू लागतात. गाडीपाशी पास्कबाई किटली घेऊन गोंधळून उभ्या. “मी कुठे हाक मारली? पाणी आत्ता कुठे उकळलंय. बाप्याचा आवाज होता तो.”

“प्या हो आता, आलोय तर!” सुतार म्हणाला.

मग ट्रंकेतून ठोकणं आलं. तीनदा, मग दोनदा.

“अरे, साहेबसुद्धा मस्करी शिकले की!” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. चहा सांडेपर्यंत हसले.

माझ्या हातात कप होता. डबा उघडला. एक चमचा. दुसरा. ढवळताना मी मनात प्रार्थना सुरू केली. क्षमेची ती ओळ आली, तसा मी चमचा खाली ठेवला.

ध्वनिमुद्रणाच्या काचेच्या खोलीतून गेथिन बाहेर आला. कानाचे फोन हातात लोंबत होते. तो फक्त माझ्याशी बोलला, अगदी हळू.

“ट्रंकेतला माइक चालू राहिलाय. आत दोघं आहेत, डॉर्कसबाई. एक ठोकतोय. एक हसतोय.”

“कसा हसतोय?”

“पोट धरून.” त्याचे ओठ पांढरे पडले होते. “मी जाऊ? उघडू?”

“तू बस,” मी म्हटलं. “मीच जाते. मी क्लेमला चहा कबूल केलाय.”

गाडीभोवतीचं हसू अजून चाललं होतं. कप काठोकाठ भरलेला होता. एक थेंबही सांडू नये अशा बेताने, जमिनीवरच्या खाचा चुकवत, मी सावकाश चालू लागले.