तीनदा विचारणारा ब्राउझर

सोमेश्वर आणि सत्यशीला यांची पहिली भेट झाली तेव्हा सोमेश्वरचं वजन उसात धरलं गेलं होतं.

दोन हजार चारचा नोव्हेंबर. माजलगावजवळच्या एका साखर कारखान्याचा वजनकाटा. काट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा, आणि मोळ्यांच्या ढिगावर, मांडीत कॉम्प्युटरचा डबा घेऊन बसलेला एक चष्मेवाला तरुण. केबिनच्या खिडकीतून एक मुलगी वाकली.

"ओ... वरचा ऊस! खाली उतरा."

"मी ऊस नाही," सोमेश्वर म्हणाला. ही माहिती त्यानं फार गांभीर्यानं दिली.

"मग उतराच. न्हाईतर मोळ्यांबरोबर गाळून निघाल."

तो डब्यासकट उतरला. काट्यावरचा आकडा ऐंशी किलोंनी खाली आला. तिनं आकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं – वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"डबा धरून ऐंशी? ह्यातनं साखर निघायची न्हाई."

सोमेश्वरला उत्तर सुचलं. पण ते डिसेंबरात.

मोंढ्यातल्या कल्याणराव आडत्यांचा हा इंजिनियर मुलगा उसावर बसून कारखान्यात का आला, त्याचं असं होतं. जगभरातल्या लोकांनी मिळून एक ब्राउझर लिहिला होता – इंटरनेटची पानं उघडायची खिडकी, तीही फुकट. पण लिनक्सवर – विंडोजऐवजी वापरायच्या तशाच फुकट प्रणालीवर – तयार मिळणारी खिडकी मराठी दाखवायची ती हातपाय मोडलेली. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. म्हणून कुणीतरी प्रोग्रॅमचा मूळ मजकूर घेऊन, डागडुजी करून, घरच्या घरी पुन्हा बांधून त्याचं पॅकेज लोकांना द्यायचं. लिनक्सच्या एका लहानशा प्रकारासाठी हे काम ऑस्ट्रियातले एक गृहस्थ करत. त्यांना जुळं झालं, त्यांनी पॅकेज सोडलं, आणि यादीत पॅकेजच्या नावापुढे 'अनाथ' असं लागलं. सोमेश्वरला ते बघवलं नाही. त्यानं दत्तक घेतलं.

एकदा बांधायला नऊ तास लागत. माजलगावात सलग वीज राही चार तास. पॅकेज अर्ध्यावर मरायचं, सोमेश्वर पहिल्यापासून सुरू करायचा. असे आठ महिने गेल्यावर त्याला साक्षात्कार झाला, की तालुक्यात जिथली वीज जात नाही अशी एकच जागा आहे: हंगाम चालू असलेला साखर कारखाना. तो स्वतःची वीज स्वतः करतो. सोमेश्वरनं शेतकी अधिकाऱ्यांना सांगितलं, काट्यावरचा व्हायरसनं लोळवलेला कॉम्प्युटर फुकट उभा करून देतो, बदल्यात माझा डबा केबिनच्या कोपऱ्यात चालू राहू द्या. अधिकाऱ्यांनी त्यातला 'फुकट' तेवढा ऐकला, आणि सोमेश्वर डबा घेऊन कारखान्याकडे निघालेल्या पहिल्या ट्रॅक्टरवर चढला.

तेव्हापासून जगातला हा एकच ब्राउझर उसाच्या हंगामावर निघू लागला. जर्मनीतून कुणी विचारी, नवी आवृत्ती कधी? सोमेश्वर लिही – ऊस येऊ द्या.

सत्यशीला शिरूर कासारकडची. आईबाप दर साली कोयता घेऊन याच कारखान्यावर येत. ती मात्र बारावी करून, टायपिंग करून काट्याच्या आतल्या बाजूला बसली होती. केबिनमध्ये तिसरा माणूस सुग्रीवमामा, शिपाई. बाहेर उकळत्या रसाचा गोड वास, आणि चिमणीतून दिवसभर भुरभुरणारी काजळी. इतर प्रेमिकांच्या वाट्याला पाऊस येतो. ह्यांच्या वाट्याला काजळी आली.

"तुमच्या नाकावर पडलीय," एकदा सोमेश्वर म्हणाला.

"मग पुसा की."

त्यानं खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली... आणि रुमाल तिच्या हातात दिला.

सुग्रीवमामानं भिंतीकडे तोंड केलं.

सोमेश्वरनं तिला सांगितलं होतं, ब्राउझरात काही दोष दिसला तर लिहून द्या, नंबर टाकून. ती बिघडलेल्या वजनपावत्यांच्या पाठीवर लिहू लागली. 'दोष क्र. ४: पान उघडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात शेजारच्यानं काहीतरी बोलावं.' सोमेश्वर दोन रात्री जागला आणि पावती परत दिली – 'दुरुस्त केलं.'

"आता पान लगेच उघडतं," तो म्हणाला.

"लगेच?"

"लगेच."

"लई हुशार हाव तुमी..." ती म्हणाली.

"थँक्यू," सोमेश्वर म्हणाला.

'दोष क्र. ११: इंजिनियर नुसता स्क्रीनकडे बघतो.' हे खरं की खोटं ते तपासायला सोमेश्वर दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला. मग लिहिलं, 'तपासलं. दोष आढळला नाही.'

डिसेंबरात त्यानं आईनं दिलेला डबा उघडला. उप्पीट होतं.

"घेता?"

"नको."

सोमेश्वरनं सगळं खाल्लं. मग सुग्रीवमामा चहा घेऊन आले.

"घे गं पोरी."

"नको मामा."

"घे की, गरम हाय."

"आत्ताच झाला."

"आगं घोटभर!"

तिनं कप घेतला आणि सोमेश्वरकडे बघत फुंकर मारली.

"बघितलं? तीनदा इचारायचं असतं. पैलं 'नको' रीतीचं असतं, दुसरं लाजंचं."

"आणि तिसरं?"

"तिसऱ्यांदा कुणी नको म्हणत न्हाई... तिथवर कुणी इचारतच न्हाई, ही अडचण."

दुसऱ्या दिवशी टेबलावर पावती होती. 'दोष क्र. १९: बंद केलं की ब्राउझर फाटकन बंद होतो. घरच्या पाव्हण्याला आपण असं जाऊ देतो का? तीनदा विचारावं.'

सोमेश्वरला ही सूचना फार शास्त्रशुद्ध वाटली. पुढच्या आवृत्तीत त्यानं तीन चौकटी घातल्या. बंद करायला गेलं की पहिली – 'जायचंच का?' 'हो' दाबलं की दुसरी – 'बसा की थोडं?' तिथं 'नको' दाबलं, तर तिसरी – 'चहा तरी घेऊन जा?' तिन्ही मराठीत, आणि प्रत्येकीत दुसरं बटण 'थांबतो'. नऊ तास डबा घरघरला, काट्यावरच्या फोनलाइनवरून एवढं मोठं ओझं जाईना म्हणून सोमेश्वर सीडी घेऊन बीडला गेला, पॅकेज जगाला दिलं.

जग हादरलं. बर्लिनच्या एका गृहस्थानं लिहिलं, मला झोपायचं आहे आणि ब्राउझर मला अनोळखी लिपीत अडवतो आहे. सोमेश्वरनं उत्तर दिलं, चहा घ्या. आठवड्यात एकशे चाळीस तक्रारी आल्या. त्यानं एकही चौकट काढली नाही. सत्यशीला मात्र दिवसातून दहा वेळा ब्राउझर उघडायची... फक्त बंद करायला.

त्या साली ऊस कमी होता. कारखाना एप्रिलपर्यंत चालायचा, तो फेब्रुवारीतच आटोपणार असं ठरलं. आणि त्याच आठवड्यात सत्यशीलाला भंडाऱ्याहून बँकेतल्या नोकरीची ऑर्डर आली.

"हितंबी कायम करतो म्हणत्यात," ती पावत्या जुळवत म्हणाली. "तिकडं ऑर्डर हाय. काय करू?"

ती मान वर करून थांबली. सुग्रीवमामा दाराआड थांबले. काट्यावरचा ट्रॅक्टरवालाही उगीच थांबला.

"उद्या सांगतो," सोमेश्वर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तक्ता आणला. दोन रकाने, बावीस ओळी. पगार, घरभाडं, रजा, उन्हाळा, पिण्याचं पाणी. माजलगावाला धरण एक, भंडाऱ्याला तलाव पुष्कळ. भंडारा दोन गुणांनी पुढं होतं. सत्यशीलानं सगळा तक्ता वाचला. सर्वांत खाली तेविसावी ओळ होती; तिला नाव नव्हतं, फक्त रकाने आखले होते.

"हे काय?"

"ते..." सोमेश्वरनं चष्मा पुसला. "त्याचं अजून टेस्टिंग चालूय."

"कवापस्तोर?"

"पक्कं झाल्याशिवाय बाहेर देत नाही मी काही."

तिनं तक्त्याची घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

शनिवारी माजलगावच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली. आईबाप बॅगा वर चढवत होते. सत्यशीला दाराच्या दांड्याला धरून खालच्या पायरीवर उभी. सोमेश्वर रात्रभर पाठ करून आला होता.

"जायचंच का?" त्यानं विचारलं.

तिच्या ओठांशी काहीतरी हललं. हसू असावं.

"हो," ती म्हणाली – हळू, अगदी रीतीचं.

आणि थांबली. कंडक्टरनं तिकिटं मोजली, ती थांबलेली. ड्रायव्हरनं तंबाखू मळली, ती थांबलेली. मागून कुणी म्हणालं, "ओ ताई, आत तरी चला, न्हाईतर खाली तरी उतरा," तरी ती पायरीवरच.

"बरं," सोमेश्वर म्हणाला. "मग... जपून जा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एखादं न उघडणारं पान बघावं तसं. मग घंटी वाजली.

तो केबिनवर परत आला. कारखान्याची वीज पाचला बंद होणार होती. तिच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर तसाच उघडा. सोमेश्वरनं तो बंद करायला घेतला.

'जायचंच का?'

त्यानं 'हो' दाबलं.

'बसा की थोडं?'

बोट बटणावरच राहिलं. बराच वेळ.

"काय झालं?" सुग्रीवमामांनी विचारलं.

"मामा... मी एकदाच विचारलं."

मामांनी किटली खाली ठेवली. "कावून?"

"ती हो म्हणाली."

"किती शिकलाव म्हणे तुमी?"

"इंजिनियर."

"हां," मामा म्हणाले. "मंग बरुबर हाय."

पुढच्या हंगामापर्यंत जगानं त्या तीन चौकटी काढून आपलं वेगळं पॅकेज केलं. सोमेश्वरचं पॅकेज वापरणारे उरले दोन. एक तो स्वतः. दुसऱ्याची तक्रार डिसेंबरात आली, भंडाऱ्याहून.

'दोष क्र. ३२: ब्राउझर तीनदा विचारतो. बनवणारा एकदाच. दुरुस्तीची घाई नाही. माघात माझं लग्न आहे.'

सोमेश्वरनं ती पुष्कळदा वाचली. खाली उत्तराची जागा होती – 'दुरुस्त केलं', 'दोष आढळला नाही', 'बंद'. त्यानं काहीच निवडलं नाही. ब्राउझर मिटायला घेतला. 'जायचंच का?' हो. 'बसा की थोडं?' नको. 'चहा तरी घेऊन जा?'

बाहेर काट्यावर ट्रॅक्टर उभा होता, काजळी भुरभुरत होती.

त्यानं 'थांबतो' दाबलं.