पट्टी न काढलेला दिवा

दुपारचं जेवण आटोपून यागोदा पोलंडमधल्या वूच शहराबाहेरच्या गोदामाकडे निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात भुताखेतांचा विचार नव्हता, भाड्याचा होता. वडिलांची सफरचंदाची बाग विकून आलेल्या पैशांत तिने कबरीवर ठेवायचे लाल काचेचे दिवे घेतले होते, बॅटरीवर चालणारे, आणि ते ऑनलाइन विकायला काढले होते. माल सगळा त्या गोदामात. ऑर्डर आली की तिथलीच माणसं पेटी उचलून पाठवणार आणि ही घरी बसून लिंबाचा चहा पिणार, असा बेत होता. पण माल हलेना आणि फळीचं भाडं काही थांबेना. सर्व संतांचा सण आठवड्यावर आला होता. त्या दिवशी अख्खा पोलंड आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतो आणि दुसऱ्या दिवसापासून या दिव्यांना कुत्रंही विचारत नाही. सणाआधी माल गेला नाही तर तो वर्षभर पडून राहणार, भाडं दुप्पट होणार आणि बागेचे पैसे त्यातच जिरणार.

खोट कुठे आहे हे तिला कळलं होतं. एकच दिवा जात होता आणि परत येत होता. परत आलेला नग गोदामवाले रांगेत सर्वांत पुढे ठेवत, म्हणून पुढच्या गिऱ्हाइकालाही तोच जाई. तोही परत येई. माणसं वेगवेगळी, गावं वेगवेगळी, पण परत करण्याचं कारण सगळ्यांनी एकच लिहिलेलं: 'हा आमचा नाही.' त्यापायी संकेतस्थळाने तिचं दुकान पार तळाला ढकललं होतं. तो एक नग काढून आणला की बाकीच्यांची वाट मोकळी होईल, एवढंच आजचं काम होतं.

"आलात ते बरं झालं, बाई," फळ्या सांभाळणारा म्हातारा तादेउश म्हणाला. "तुमच्या गल्लीत जायला पोरं कुरकुरतात."

"का?"

"वास येतो म्हणतात. जळत्या मेणाचा."

"अहो, बॅटरीचे दिवे ते. मेण कुठून येणार?"

"मीही त्यांना तेच सांगतो," तादेउश म्हणाला, पण तिच्या पुढे काही झाला नाही.

गोदामाला खिडकी नव्हती. माणूस चालेल तसे छतावरचे दिवे पुढे लागत आणि मागे विझत. बाहेर लख्ख दुपार आणि आत पावलापुरता उजेड. यागोदाच्या फळीवरचा छताचा दिवा मात्र ती पोचण्याआधीच लागलेला होता. तिथे कुणीही नव्हतं. मेणाचा वास होता, त्याखाली ओल्या मातीचा. पुढची पेटी तिने उचलली तर ती कोमट लागली. झाकण उघडताच तिच्या हातांवर लाल उजेड पडला.

"पट्टी... पट्टी काढलीय का कुणी?" तादेउशने कुजबुजत विचारलं.

बॅटरीला अडवणारी प्लास्टिकची पट्टी जागच्या जागी होती.

"नाही..." यागोदा म्हणाली.

"मग हा..."

"सही कुठे करायची तेवढं सांगा, काका."

तिला भीती वाटत होती आणि ती लपवण्याची ताकद उरली नव्हती. गाडीत पेटी शेजारच्या सीटवर ठेवून ती घरापर्यंत त्या बाजूला न बघता आली. उजेडात दिवा उलटा केला. बुडाला काळी माती आणि चेस्टनटच्या पानाचा तुकडा चिकटला होता.

दुकानासाठी फोटो काढायचं काम झेनेकचं, तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. तो स्वयंपाकघरात खसखशीचा केक खात बसला होता.

"झेनेक, दिव्याचा फोटो कुठे काढलास?"

"दफनभूमीत, ताई. कबरीचा दिवा काय फ्रिजवर ठेवून काढू?"

"कुणाच्या कबरीवर?"

"बेवारशी होती एक, झाडाखाली. दगडावरचं नावसुद्धा गेलेलं."

"आणि नंतर दिवा?"

"घातला परत पेटीत, गोदामात जायच्या मालाबरोबर. नवाकोरा माल तिथे टाकून यायचा होता का?"

यागोदाने दिवा पुन्हा पेटीत ठेवला. एकदा कबरीवर ठेवलेला दिवा तिच्या गावात चोरसुद्धा उचलत नसे.

उजेड असतानाच ती दफनभूमीत गेली. चेस्टनटखालची कबर सापडायला वेळ लागला नाही. दिवा ठेवून ती पुटपुटली, "चुकलं आमचं. तुमचा तुम्हाला आणून दिला." मग तिने पट्टी ओढून काढली. ज्योत होती तशीच राहिली, वास तेवढा गेला.

दुसऱ्या सकाळी दुकान यादीत वर आलं आणि ऑर्डरींची रीघ लागली. संध्याकाळ व्हायच्या आत फळी रिकामी झाली. स्क्रीनवर शिल्लक मालापुढे आलेलं शून्य बघून यागोदा हमसून रडली. झेनेक चेरीच्या दारूची बाटली घेऊन आला.

"शेवटी माझाच फोटो कामी आला ना?" तो म्हणाला. "मेहनत होती त्यात. ऊन मनासारखं मिळेना, तेव्हा अख्खी रांग पालथी घातली."

यागोदाने ग्लास खाली ठेवला. "कसली रांग?"

"कबरींची. लाल रंग कुठे खुलतो ते बघायला नको? काचेवर बोटं उमटतात, म्हणून दर कबरीवर नवा दिवा ठेवत गेलो. त्यातला तो एक फोटो बरा आला."

"आणि बाकीचे दिवे..."

झेनेकच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "बाकीचेही... पेट्यांत घातले परत."

"किती होते?"

"मोजले नाहीत, ताई."

तिने तादेउशला फोन लावला. "काका, माझा माल निघाला का?"

"भरून झालाय, बाई. गाड्या अजून फाटकातच आहेत." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "चालक आत बसायला तयार नाहीत. मागून उजेड येतोय म्हणतात..."

"एकही गाडी सोडू नका," ती म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरचा संगणक वाजला. कुणीतरी माल परत केला होता. कारण: 'हा आमचा नाही.' लगेच तो दुसऱ्यांदा वाजला, मग तिसऱ्यांदा. फाटकातून एकही पेटी बाहेर पडली नव्हती. स्क्रीनवरच्या शून्याचा आकडा झाला आणि तो वाढत गेला, शेजारी भाडंही वाढत गेलं. यागोदाने जेवढे दिवे विकत घेतले होते तेवढ्यावर तो आकडा आला, आणि तिथे न थांबता पुढे गेला.